बाविसावा फर्मा

ती कादंबरी कोणती, हे मी सांगणार नाही. नाव लिहिलं की वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक मान डोलावून म्हणतील, 'हो हो, वाचलीय की', आणि त्या मान डोलावण्याचा मला उभ्या जन्माचा तिटकारा आहे. जाडजूड होती, रशियन होती, इंग्रजीतून मराठीत आणलेली होती आणि ती आणणारे माझे वडील होते, एवढं पुरे. आमच्या घरात तिला नाव नव्हतंच. नुसतं 'पुस्तक' म्हणायचे. 'पुस्तक चाललंय, हळू बोला.' 'पुस्तकावर सांडेल, कप तिकडे ठेव.' घरात दुसरी पुस्तकं नव्हती असं नाही, पण ती आपापल्या नावांनी ओळखली जात.

कलकत्त्यात, भवानीपुरात ट्रामच्या रस्त्यापासून जरा आत, दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. नाना खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचे अधिकारी. दिवसभर लोकांच्या पेट्या उघडून पाहायच्या आणि घरी येऊन आपली मिटून घ्यायची, असा त्यांचा स्वभाव. पहाटे रस्ते धुणारे लोक गंगेच्या पाण्याच्या नळाला जाड पाईप लावत, ते पाणी फुटपाथवर आपटायचा आवाज यायचा, मग पहिल्या ट्रामची घंटा, आणि मग नानांच्या टाकाची कुरकुर. पाच ते पावणेआठ. तेवढ्या वेळात घरात भांडं वाजता कामा नये. आई डाळ शिजवून, भाजी चिरून, कोळशाच्या शेगडीवर कढई ठेवून बसून राहायची, कारण फोडणीचा आवाज होतो. पावणेआठला नाना घसा खाकरायचे आणि पुढच्या क्षणाला स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचं ऐकू यायचं. सात वर्षं आमच्या घरातल्या फोडणीने एका रशियन जमीनदारणीसाठी वाट पाहिली. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई आईला विचारायच्या, "तोमादेर बाडीते कारो असुख नाकि?" तुमच्याकडे कुणी आजारी आहे का? आई हसून नाही म्हणायची. मला मात्र हो म्हणावंसं वाटे.

माझं अक्षर चांगलं होतं, हा माझा गुन्हा. नानांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून मी अकरा वर्षांची झाल्यापासून शुद्धप्रत करायचं काम माझ्याकडे आलं. शाळेतून यायचं, मुरमुरे खायचे आणि बसायचं. खिडकीतून शेगड्यांचा धूर आत यायचा, घरोघर शंख वाजायचे, खालच्या अंगणात मुली बंगालीत भांडत दोरीच्या उड्या मारायच्या आणि मी 'हिमाच्छादित' शब्दातला जोडाक्षराचा पाय नीट काढत बसलेली असायचे. उतरवून काढणं म्हणजे वाचणं, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. मनगट चालू असतं, डोळे चालू असतात आणि डोकं खाली अंगणात असतं. मी त्या कादंबरीतला शब्द न् शब्द लिहिला आणि तिच्यात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. खूप बर्फ होता आणि बरेच लोक दुःखी होते, एवढं कळत होतं.

आई मराठी चौथी शिकलेली. नाना तिला पुस्तकातलं काही सांगत नसत. एकदाच ते अडले. चहाचं पाणी तापवायचं ते रशियन लोकांचं मोठं नळीचं भांडं असतं, त्याला मराठीत काय म्हणावं यावर ते तीन दिवस कोश धुंडाळत होते. चौथ्या दिवशी त्यांनी आईला वर्णन करून सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "बंब म्हणा की." नानांनी बंब लिहिलं. पुढे पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांपासून छापखान्याच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी लिहिलं, 'घरच्या मंडळींनी शांतता राखली, त्यांचाही ऋणी आहे.' बंबाचा उल्लेख नव्हता.

मराठी पुस्तक कलकत्त्यात छापायचं म्हणजे हिंदी छापखान्यात छापायचं. बडाबाजारातल्या एका गल्लीत तो छापखाना होता. तिथले शिशाचे खिळे जुळवणारे जुळारी बनारसकडचे. ते सवयीने 'आहे'चं 'है' करून टाकत आणि नाना लाल शाईने परत 'आहे' करत. सगळ्यात मोठं संकट 'ळ'चं. हिंदी छापखान्यात 'ळ' हवा कशाला? त्यांच्याकडे मूठभर खिळे होते, ते चार पानांत संपत. मग ती पानं छापून झाल्यावर 'ळ' सुटे करायचे आणि पुढच्या पानांना वापरायचे. त्यामुळे काम गोगलगायीच्या पावलाने चाललं. फर्मा हा शब्द मी तिथे शिकले. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, कागद दुमडला की सोळा पानांचं चोपडं होतं, तो फर्मा. त्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, म्हणजे शिवणाऱ्याने कुठला कुणामागे लावायचा ते कळावं. आमच्या पुस्तकाचे एकोणपन्नास फर्मे होते.

त्यातल्या बाविसाव्याशी माझं वैर आहे. मी तेव्हा इंटरला होते. परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता आणि त्यावर नानांची सही हवी होती. सकाळी छापखान्यात द्यायची बाविसाव्या फर्म्याची शुद्धप्रत टेबलावर होती, शेजारी माझा फॉर्म होता आणि माझ्याच हाताचा धक्का लागून चहाचा कप कलंडला. फॉर्मला थेंबही लागला नाही. शुद्धप्रतीची सगळी शाई पसरली. नाना ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी आज इतकी कडवट झाले नसते. त्यांनी फडक्याने टेबल पुसलं, कोरे कागद पुढे ठेवले आणि म्हणाले, "बस. पुन्हा उतरव."

"नाना, आज फॉर्मची शेवटची तारीख आहे. बारापर्यंत कॉलेजात द्यायचाय."

"पुढल्या वर्षी भर," ते म्हणाले. "परीक्षा दर वर्षी असते. पुस्तक एकदाच होतं."

मी बसले. फॉर्म गेला आणि फर्मा झाला. माझ्या वर्गातल्या मुली पुढे गेल्या आणि मी वर्षभर घरी राहून उरलेले सत्तावीस फर्मे उतरवले. हे मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, 'पण केवढं मोठं काम होतं वडिलांचं.' होतं. माझंही एक लहानसं काम होतं.

पुस्तक दुर्गापूजेच्या सुमारास बाहेर आलं. तीनशे प्रती. त्या काळी कलकत्त्यात मराठी घरं मोजकीच. मंडळात सगळे सगळ्यांना ओळखत. नानांनी प्रत्येक घरी प्रत दिली, बाकीच्या नागपूर-पुण्याकडे गेल्या. मंडळाने सत्कार केला. अध्यक्ष बापूसाहेब म्हणून एक निवृत्त डॉक्टर होते, त्यांनी पाऊण तास भाषण केलं आणि सांगितलं की हे पुस्तक हाती घेतलं ते खाली ठेवलंच नाही. शाल, नारळ, फोटो. नाना घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखला नाही, इतका तो मोकळा होता. शाल त्यांनी स्वतः घडी घालून ठेवली. आणि मग भेटेल तो माणूस पुस्तकाबद्दल बोलू लागला. मी पाणी घेऊन जायची, पोहे घेऊन जायची, ऐकायची. 'भाषा काय ओघवती आहे.' 'अनुवाद वाटतच नाही.' 'शेवट तर सुन्न करतो.' एक बाई म्हणाल्या, मी रडले. काही जण जरा सावध. ते म्हणत, 'अगदी शेवटाकडे आलोय', 'चवीचवीने वाचतोय, संपू नये वाटतं.' ही वाक्यं मी आता चांगली ओळखते. सॉल्ट लेकच्या आमच्या इमारतीत हल्ली एक वाचनगट भरतो, तिथेही हीच चालतात. त्या काळी या जागेवर नुसती दलदल आणि मासे होते, तेवढा फरक.

महिनाभराने, एका दुपारी मला एक खोडी सुचली. माझं वर्ष खाणारा बाविसावा फर्मा छापून कसा दिसतो ते पाहावं, म्हणून मी नानांच्या कपाटातली प्रत काढली. तीनशे छत्तिसावं पान संपलं, तीनशे सदतिसावं आलं. आकडा बरोबर. तळाशी बारीक २२ बरोबर. मजकूर मात्र गाई-म्हशींच्या रोगांचा. हिंदीत. लाळ गळणे, खूर कुजणे, पोट फुगणे, दूध आटणे, सोळा पानं, मध्ये एका ठिकाणी म्हशीच्या जबड्याचं चित्र. तीनशे त्रेपन्नाव्या पानावर पुन्हा बर्फ आणि दुःखी माणसं सुरू. मी दुसरी प्रत काढली, तिसरी काढली. सगळ्यांत म्हैस.

पुस्तकं शिवायचं काम सियालदहजवळच्या दप्तऱ्यांच्या, म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्यांच्या, गल्लीत निताईबाबू म्हणून एकाने केलं होतं. पूर्व बंगालमधून आलेला, बारीक अंगाचा, खळीने बोटं पांढरी झालेला माणूस. नानांबरोबर मी एकदा तिथे गेले होते. मैत्रिणीकडे जाते सांगून मी ट्राम धरली. सियालदहच्या फलाटांवर तेव्हा निर्वासितांचे संसार पसरलेले असत; त्यांच्या चुलींमधून वाट काढत लोक लोकलकडे धावत. निताईबाबूंनी पुस्तक हातात घेतलं, २२ आकड्यावर बोट ठेवलं आणि लगेच ओळखलं. त्याच छापखान्यातून, त्याच आठवड्यात, त्याच आकाराचं जनावरांच्या डॉक्टरीचं हिंदी पुस्तक त्यांच्याकडे शिवायला आलं होतं. दोन्हींच्या बाविसाव्या फर्म्याचे गठ्ठे शेजारी शेजारी पडले होते. त्यांना नागरी आकडे तेवढे वाचता येत. अक्षरं सगळी सारखीच दिसत. हिंदी कुठली आणि मराठी कुठली, कोण सांगणार?

"वो गोरूवाला किताब तो पंद्रह दिन में फेरत आ गया, दिदिमणि," ते म्हणाले. "गोयाला लोग झगड़ा करने आया। बोला, भैंस मर रहा है और किताब में कोई मेमसाहेब बरफ में घूम रहा है। हमने नया फर्मा छपवाके उन लोगों का ठीक कर दिया।"

"आणि आमचं?" मी हिंदीत विचारलं. "त्यांचे आमच्यात गेले, हे तुम्हाला तेव्हा कळलं नाही?"

"लगा था। फिर सोचा, बाबू लोग इतना लिखापढ़ा आदमी, गलती होता तो कोई न कोई आता। कोई आया नहीं। तो सोचा, ठीक ही होगा।"

माझ्या उरलेल्या सगळ्या आयुष्यात मराठी वाचकांबद्दल इतकं खरं कोणी बोललेलं नाही. गवळ्यांना पुस्तक वाचायचं होतं, म्हणून पंधरा दिवसांत बोंब झाली. आमच्यापैकी कुणालाच ते वाचायचं नव्हतं. सगळ्यांना ते वाचलेलं असायला हवं होतं. नानासुद्धा त्यातच. त्यांनी मुद्रितं तीन तीनदा तपासली, पण बांधून आलेलं पुस्तक फक्त पहिल्या पानावर सही करण्यासाठी उघडलं. निताईबाबू म्हणाले, आमचे फर्मे पोत्यात नीट ठेवले आहेत, प्रती घेऊन या, बदलून देतो. मी 'सांगते' म्हणाले. आणि सांगितलं नाही.

तीन महिने सांगितलं नाही. हे मी अभिमानाने लिहीत नाही आणि पश्चात्तापानेही नाही. मला पाहायचं होतं की कोण बोलतो. नागपूरच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं, 'विशेषतः मधला भाग अविस्मरणीय.' नानांनी ते जेवताना दोनदा वाचून दाखवलं आणि मी ताकभात कालवत राहिले. म्हशीच्या आधीच्या पानावर ती बाई शेतावर निघते, एवढं मी पाहून ठेवलं होतं; बापूसाहेबांना मी मुद्दाम विचारलं, तो शेतावरचा भाग कसा वाटला? ते डोळे मिटून म्हणाले, "अगं, तिथे तर निसर्ग बोलतो." दर वेळी मला आत गुदगुल्या होत आणि लगेच मागोमाग राग येई. त्या लबाड लोकांच्या कौतुकावर नाना जगत होते. ते हल्ली पहाटे उठून नुसतेच बसत, लिहायला काही नव्हतं; आणि आई सवयीने फोडणीसाठी पावणेआठपर्यंत थांबत होती.

मग भिडे आले. नागपूरहून बदली होऊन आलेले सरकारी अधिकारी, अठ्ठाविशीचे, नीटस, केस चापून बसवलेले. नानांनी दिवाळीत त्यांना प्रत दिली होती. एके दिवशी त्यांच्या मामांचं पत्र आलं, आणि एका रविवारी ते दोघं मला पाहायला येणार असं ठरलं. मी आईला म्हटलं, यंदा फॉर्म भरायचाय, परीक्षा होऊ दे. आईने नानांना विचारलं. नाना म्हणाले, "मुलाने पुस्तक दोनदा वाचलंय. दोनदा. असा माणूस मला हयातीत दुसरा मिळणार नाही. लग्न ठरत असेल तर फॉर्म कशाला?"

म्हणजे माझं दुसरं वर्षही त्या पुस्तकातच जाणार होतं, आणि पाठोपाठ बाकीचं सगळं.

रविवारी आईने पोहे केले. इथले पोहे, चिंडे, पातळ, भिजवले की लगदा होतात. ती ते चाळणीत घेऊन नुसतं पाणी शिंपडायची. गावाकडून आलेलं सुकं खोबरं वर घातलं. मी बशी घेऊन बाहेर गेले, नमस्कार केला, बसले. मामांनी विचारायचं ते विचारलं. विणकाम येतं का. बंगाली खाणं खाता का. शिक्षणाबद्दल भिडे म्हणाले, "इंटरपर्यंत झालंय ना, पुरे आहे. घरात वाचनाची आवड असली म्हणजे झालं." नाना त्यांच्याकडे इतक्या प्रेमाने पाहत होते की मला तिथून उठून जावंसं वाटलं. माझ्याकडे त्यांनी तसं कधी पाहिलं नव्हतं. शेवटी मामा मोठ्या मनाने म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे. आम्ही जुन्या वळणाचे नाही."

तेव्हा मला कळत होतं मी काय करते आहे, असं मी अनेक वर्षं सांगत आले. खरं म्हणजे अर्धंच कळत होतं. भिड्यांना पाडायचं तर नाना मध्ये उभे होते, आणि एकाला सोडून दुसऱ्याला लागेल असा काही मार्ग नव्हता. हे कळूनही मी विचारलं.

"नानांच्या पुस्तकातला मधला भाग, ती बाई शेतावर जाते तो, तुम्हाला कसा वाटला?"

"अप्रतिम," भिडे म्हणाले. "मी तर तो कचेरीत मित्रांना वाचून दाखवला."

मी कपाटातून प्रत काढली, तीनशे चाळिसावं पान उघडलं आणि त्यांच्या हातात दिलं. "मग आम्हालाही दाखवा ना वाचून. नानांना बरं वाटेल."

नाना पुढे सरकून बसले. भिड्यांनी घसा साफ केला, पुस्तक जरा दूर धरलं आणि भारदस्त आवाजात सुरुवात केली. "जिस भैंस का पेट फूल गया हो, उसे तुरंत—" आवाज तिथे अडला. खाली रस्त्यावर शिशीबोतलवाला ओरडत गेला.

"काय?" नाना म्हणाले.

 नानांनी हात पुढे करून पुस्तक घेतलं. चष्मा पुसला. एकेक पान उलटत ते तीनशे त्रेपन्नापर्यंत गेले, मग परत मागे आले. जबड्याच्या चित्रापाशी थोडे थांबले. मामा म्हणाले, "छापखान्याची चूक दिसते. फार बेजबाबदार असतात हे लोक."

"हो," नाना म्हणाले. "चूक आहे." आणि मग भिड्यांकडे वळून अगदी साध्या आवाजात, "तुम्ही दोनदा वाचलंत ना?"

पाहुणे पोहे अर्धवट टाकून गेले. नाना पुस्तक मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झालाही, तो दोन जिने उतरणाऱ्या त्या चपलांच्या आवाजाएवढा टिकला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"तीन महिने."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही उघडूनसुद्धा पाहिलं नाहीत," मी म्हणाले. "कुणीच पाहिलं नाही. तीनशे प्रती आहेत, नाना. एकाही माणसाने ते पुस्तक वाचलेलं नाही." त्यांना हे जितकं लागावं तितकं लागेल अशा बेताने, एकेक शब्द तोडून मी हे म्हणाले. अजून मला तो माझा आवाज ऐकू येतो.

आई दारात बशा गोळा करत होती. ती म्हणाली, "मी वाचलंय."

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"दुपारी वाचायची. दिवाळीत संपलं." ती जराशी लाजली होती. "ते हिंदी मला वाटलं मुद्दामच घातलंय. ती बाई शेतावर जाते ना, तिथे गोठ्यावरचा माणूस तिला जनावरांचं सगळं सांगतोय, असं मला वाटलं. गडीमाणूस हिंदीतच बोलणार. आपला दूधवाला नाही का बोलत?"

नानांनी ते जबड्याचं चित्र पुन्हा उघडलं.

"मला वाटलं, फार बोलतोय हा. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे असेल काहीतरी. पोट फुगण्यावर मोहरीचं तेल सांगितलंय, ते काही चुकीचं नाही." आईने बशा खाली ठेवल्या. "फक्त एक मला कळेना. शेतावर जाताना तिच्या बोटात नवऱ्याची अंगठी होती. परत आली तेव्हा नाही. पुढे शेवटपर्यंत नाही. मी दोनदा मागे जाऊन शोधलं. गेली कुठे ती अंगठी?"

नानांनी चष्मा काढला. आणि मग, तो बंब सोडला तर सात वर्षांत पहिल्यांदा, ते पुस्तकाबद्दल तिच्याशी बोलले. "गोठ्यात पडली. गवतात. थंडीने बोटं बारीक झालेली, सैल होऊन पडली. पडल्याचं तिला कळलं होतं. ती वाकली नाही."

"मुद्दाम?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मुद्दामच," आई म्हणाली आणि नानांसमोरच्या खुर्चीवर बसली. पाहुण्यांसाठी मांडलेल्या त्या खुर्चीवर ती एरवी कधी बसत नसे. "मला वाटलंच होतं. म्हणून ती पुढे त्या दिराशी तशी बोलते."

"कुठे?"

"अहो, तो बंबापाशी उभा असतो तेव्हा."

ते बोलत राहिले. मी तिथेच उभी होते आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला संताप आला. एवढा मोठा घाव मी घातला होता आणि हे दोघं एका रशियन बाईच्या अंगठीचं बोलत बसले. त्याहून वाईट म्हणजे, त्या अंगठीचं मला काही आठवेना. तो फर्मा मी दोनदा उतरवला होता. गवत, गोठा, थंडी सगळं या हाताने लिहिलं होतं. त्यात अंगठी होती हे मला त्या दिवशी आईच्या तोंडून कळलं.

पुढे नानांनी सगळ्यांना पत्रं लिहिली, फर्मा चुकला आहे, प्रती पाठवा, बदलून देतो. तीनशेपैकी नऊ परत आल्या. बाकीच्यांनी कळवलं की तूर्त वाचन चालू आहे, संपलं की पाठवू. बापूसाहेब म्हणाले, चूक त्यांच्या लक्षात आली होती, पण नानांना वाईट वाटेल म्हणून ते बोलले नाहीत. भिड्यांचं पुढे बनारसला लग्न झालं म्हणे. निताईबाबूंनी आमची घरची प्रत दुरुस्त करून दिली, ती माझ्याकडे आहे. आईने ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. मी आजतागायत ती पूर्ण वाचलेली नाही. दर पाच-सात वर्षांनी सुरू करते आणि कुठेतरी बर्फात सोडून देते. कुणी विचारलं तर, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कबूल करते, वाचलीय म्हणून सांगते.

भिडे येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन नानांच्या टेबलापाशी गेले. सकाळचे सात वाजले होते आणि स्वयंपाकघरात खुशाल फोडणी तडतडत होती. नानांनी मान वर केली नाही. टाक घेतला आणि हात पुढे केला. मी फॉर्म ठेवला.

"वाचून तरी पाहा," मी म्हणाले. माझं भांडण अजून संपलं नव्हतं.

"तू भरलायस ना," ते म्हणाले. "ठीकच असेल."

फॉर्मच्या तळाशी पालकांसाठी इंग्रजीत एक ओळ छापलेली होती, की वरील सर्व मजकूर मी पूर्ण वाचला आहे. तिच्याखाली नानांनी सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.